बी.फार्म. धाराशिवची, परवाना कॅनडाचा

कळंब असो की उमरगा, बी.फार्म. झालेल्या पोरापुढं गावाकडच्या वाटा ठरलेल्या. मेडिकल टाकायचं, एमआर व्हायचं, नाहीतर पुण्या-हैदराबादच्या औषध कंपनीत क्यूसीला लागायचं. हल्ली त्यात 'बाहेर जायचं' ही एक वाट वाढली आहे, आणि तिची चौकशी करायला घरची माणसं आधी एजंटला गाठतात. एजंट व्हिसाबद्दल भरभरून बोलतो. व्हिसा वेगळा आणि औषध देण्याचा परवाना वेगळा, हे मात्र बऱ्याचदा पैसे भरून झाल्यावर कळतं.

परवान्याची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. 1948 च्या फार्मसी कायद्यानुसार अभ्यासक्रमाचे नियम दिल्लीची फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया ठरवते आणि आपल्या नावाची नोंद मुंबईची महाराष्ट्र स्टेट फार्मसी कौन्सिल करते. परदेशात शिकून इथं येणाऱ्याचीही पदवी आधी दिल्लीच्या कौन्सिलला मान्य असावी लागते. तसंच तिकडचं. आपली नोंदणी तिथं पुरावा म्हणून कामाला येते, परवाना म्हणून नाही.

खरी मेख वेगळीच आहे. कोणत्या देशाचं दार उघडं राहणार, हे बारावीनंतरच्या ॲडमिशनलाच बरंचसं ठरून गेलेलं असतं. अमेरिकेचा नियम बघा. 1 जानेवारी 2003 पासून पुढं पदवी घेतलेल्या परदेशी फार्मसिस्टचा मूळ अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपली बी.फार्म. चार वर्षांची. वर दोन वर्षांची एम.फार्म. केली तरी ती बेरीज तिथं धरत नाहीत. भारतात 2008 पासून सुरू झालेली सहा वर्षांची फार्म.डी. मात्र चालते. फार्म.डी. झालेल्यांना एफपीजीईई ही परीक्षा, इंग्रजीची टोफेल, मग राज्यानं ठरवलेले इंटर्नशिपचे तास आणि शेवटी नॅप्लेक्स ही परवान्याची परीक्षा, असं जावं लागतं.

चार वर्षांच्या बी.फार्म.ला कॅनडात वाव आहे, म्हणून तो मार्ग नीट बघू. सुरुवात 'फार्मसिस्ट्स गेटवे कॅनडा'वर नाव नोंदवून, तिथला क्रमांक घेऊन होते. पुढचं काम पीईबीसी म्हणजे फार्मसी एक्झामिनिंग बोर्ड ऑफ कॅनडाकडं. आधी कागदपत्रांची तपासणी, मग इव्हॅल्युएटिंग परीक्षा, मग दोन भागांची क्वालिफाइंग परीक्षा.

आपली मुलं अडकतात ती पहिल्याच पायरीवर, कागदांत. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट बोर्डाला जावं लागतं, आपण फोडलेलं पाकीट चालत नाही. कॉलेज धाराशिवात असलं तरी विद्यापीठाचं कार्यालय संभाजीनगरला नाहीतर रायगड जिल्ह्यातल्या लोणेऱ्याला. एका शिक्क्यासाठी तिथवर जायची तयारी ठेवावी. त्यात नावाचा घोळ. गुणपत्रिकेवर आडनाव पुढं, पासपोर्टवर मागं, कुठं वडिलांचं नाव पूर्ण तर कुठं नुसतं अक्षर, आणि लग्न झालेल्या मुलीचं तर आडनावच दुसरं. इथं तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळे समजून घेतात. तिकडचा कारकून समजून घेत नाही, कारण समोरच्या दोन नावांची माणसं एकच आहेत हे त्याला कागदावर दिसायला हवं असतं. राजपत्रातली नोंद किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवलेलं बरं.

इव्हॅल्युएटिंग परीक्षा पाठांतरावर बऱ्यापैकी निघते, क्वालिफाइंगचा पहिला भागही बहुपर्यायीच आहे. दुसरा भाग मात्र ओएससीई, आणि त्यासाठी कॅनडातच जावं लागतं. एकामागून एक टेबलं, प्रत्येक ठिकाणी मोजकी मिनिटं आणि समोर रुग्णाची भूमिका करणारा माणूस. समजा, तो म्हणाला, 'गुडघा दुखतोय, आयबुप्रोफेन द्या.' लगेच पाकीट पुढं केलं की संपलं. 'आणखी कोणती गोळी चालू आहे?' असं विचारल्यावर रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचं नाव निघतं. या दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, हे त्याला न घाबरवता सांगायचं, दुसरा पर्याय सुचवायचा आणि कधी डॉक्टरांकडं जायचं तेही सांगायचं. चिठ्ठी बघून पाकीट काढून देण्याची सवय इथं उपयोगाची नाही. ज्यांनी आपलं सर्टिफिकेट दुसऱ्याच्या मेडिकलला भाड्यानं दिलं आणि अनुभव कागदावरच घेतला, त्यांचं बिंग तर पहिल्याच टेबलावर फुटतं. बरं झालं, असंच मला वाटतं.

ही परीक्षा अशी का, हे तिथलं काम पाहिलं की कळतं. ऑन्टारिओ प्रांतात फार्मसिस्ट फ्लूची लस टोचतो, आणि 1 जानेवारी 2023 पासून काही किरकोळ आजारांवर (सुरुवातीला 13) स्वतः औषध लिहूनही देऊ शकतो.

बोर्ड पास झालं तरी परवाना प्रांताकडून. त्यासाठी इंग्रजीचा पुरावा, तिथल्या कायद्याची परीक्षा आणि देखरेखीखालचं प्रत्यक्ष काम लागतं. क्वेबेकचा कारभार तर सगळाच निराळा.

ऑस्ट्रेलियात आधी केएपीएस परीक्षेचे दोन पेपर असत, 2025 पासून त्यांच्या जागी ओपीआरए ही परीक्षा आली; मग पगारी इंटर्नशिप आणि पुन्हा लेखी-तोंडी परीक्षा. ब्रिटनमध्ये ओएसपॅप हा वर्षाचा अभ्यासक्रम, 52 आठवड्यांचं प्रशिक्षण आणि नोंदणी परीक्षा. फी पौंडात असल्यानं हिशेब आधी मांडावा. आखातात डेटाफ्लोकडून कागद पडताळतात आणि संगणकावर परीक्षा घेतात. दोन वर्षांच्या डी.फार्म.ला कॅनडात फार्मसिस्टचा मार्ग नाही. फार्मसी टेक्निशियनची परीक्षा वेगळी आहे, ती पाहावी.

घरात बारावीचं पोर असेल आणि मनात अमेरिका असेल, तर फॉर्म भरतानाच बी.फार्म. की फार्म.डी. हे ठरवा. पदवी झाली असेल तर स्टेट कौन्सिलची नोंदणी चालू ठेवा, पासपोर्टवरचं नाव पदवीवरच्या नावाशी जुळवून घ्या, आणि एजंटला पहिला हप्ता देण्याआधी त्या देशाच्या बोर्डाचे नियम स्वतः वाचा. ते सगळ्यांना फुकट वाचता येतात.