समुद्रावर गेलेली आई

मळवलीला लोकलमधून उतरून भाजे गावावरून चढत गेले, की लोहगड आणि विसापूर यांच्यामधल्या खिंडीजवळ लोहगडवाडी लागते. या डोंगरी वाडीत समुद्री चाच्यांची आठवण का यावी? पण ती येते. 1713 मध्ये कान्होजी आंग्र्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडून वरच्या लोहगडावरच ठेवले होते. मग बाळाजी विश्वनाथांनी लोणावळ्याला बोलणी केली, तह झाला आणि कान्होजी शाहूंचे सरखेल झाले. आपले हे सरखेल मुंबईकर इंग्रजांच्या लेखी मात्र शेवटपर्यंत ‘चाचा’च राहिले. चाचा कोणाला म्हणायचे, हे बहुधा कायदा कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते.

हाच प्रश्न 1936 मध्ये पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने पडद्यावर विचारला. चित्रपट होता ‘अमर ज्योती’, दिग्दर्शक व्ही. शांताराम आणि कथा के. नारायण काळे यांची. करमणुकीतून काही सांगावे, ही आपल्या चित्रपटाची जुनी खोड. ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट मुंबईत पाहून दादासाहेब फाळक्यांना राम-कृष्ण पडद्यावर दिसू लागले आणि 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. धर्मकथेने सुरू झालेली ती वाट शांतारामांनी साहसकथेकडे वळवली, उपदेश मात्र सोडला नाही.

कथेतल्या सौदामिनीला राज्याचा कायदा तिच्याच मुलाचा ताबा नाकारतो. स्त्रीला तसा हक्कच नाही, असे तिला सांगितले जाते. ती समुद्रावर जाते, लुटारूंची नायिका होते आणि ज्या न्यायमंत्र्याने तिला झिडकारले त्याचेच जहाज पकडते. सौदामिनी झाल्या होत्या दुर्गा खोटे, तर मंत्री दुर्जय झाले होते चंद्रमोहन. राजकन्येच्या भूमिकेत शांता आपटे होत्या आणि संगीत मास्टर कृष्णरावांचे होते. दुर्गाबाई सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेल्या, चांगल्या घरातल्या. पदरी दोन मुलगे आणि पैशाची ओढाताण, म्हणून त्या चित्रपटांत आल्या होत्या. मुलांसाठी घराबाहेर पडलेली बाई कशी असते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

आता पुण्याला समुद्र कुठला? पण प्रभातकडे भव्य देखावे उभारणारी माणसे होती. शिवाय पात्रांच्या मागे पडदा लावून त्यावर आधी घेतलेले चित्रण सोडायचे, हे बॅक प्रोजेक्शनचे तंत्रही या चित्रपटात वापरले गेले. कोरड्या जमिनीवर उभे राहून माणूस लाटांवर दिसतो, तो असा.

‘अमर ज्योती’ व्हेनिसच्या महोत्सवापर्यंत पोचला. गंमत म्हणजे त्याच वर्षी प्रभातचाच ‘संत तुकाराम’ आला. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि पुढच्या वर्षी व्हेनिसला त्याचाही गौरव झाला. घराघरांत तुकोबा राहिले, सौदामिनी मागे पडली.

मला ती पुन्हा आठवली ती 1993 मध्ये, एका बँकेच्या खिडकीपाशी. मुलाच्या नावे ठेव ठेवायची होती. पैसे माझ्या पगारातले. कारकून नम्रपणे म्हणाला, “बाई, वडिलांची सही लागेल.” यजमान तेव्हा परगावी नोकरीला होते. मी फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घरी आले. त्याचाही दोष नव्हता. 1956 च्या कायद्यात अज्ञान मुलाचा नैसर्गिक पालक वडील, ‘आणि त्यांच्यानंतर’ आई, असेच लिहिलेले होते.

लेखिका गीता हरिहरन यांनी याच शब्दांवरून रिझर्व्ह बँकेविरुद्ध दाद मागितली. 17 फेब्रुवारी 1999 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ‘नंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतरच असे नव्हे. ते दूर असतील, लक्ष घालत नसतील, तर आईही पालक आहे. चित्रपटानंतर 63 वर्षांनी एका शब्दाचा अर्थ बदलला. कायद्यातला क्रम मात्र तसाच राहिला.

घरात मुली मोठ्या होत असतील, तर ‘अमर ज्योती’ त्यांना जरूर दाखवा. तलवारी आणि जहाजे त्यांना आवडतीलच. आणि त्यांनी विचारले, “पण तिला मुलगा दिला का नाही?” तर उत्तर टाळू नका.