कुपातला मुकादम आणि कोरडा नाला

रानाचा कारभार : लेखांक सहावा

दिवाळी सरली की चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या सागवानी रानातले लहान नाले आटत जातात. डिसेंबरात कुपाचं, म्हणजे कटाईसाठी आखलेल्या रानाच्या तुकड्याचं, काम सुरू होतं तेव्हा त्यांच्या तळाचा मुरूम आणि खडक उघडा पडलेला असतो. चार दगड बाजूला सारले की बैलगाडी बिनबोभाट चालते, ट्रॅक्टरही चालतो. झाडं आडवी येत नाहीत, झुडपं तोडावी लागत नाहीत, आणि कुपाच्या पोटातून निघालेला नाला खालच्या अंगाला गावाच्या वाटेपाशीच पोचतो. त्यामुळे लाकूड बाहेर कुठून काढायचं हा प्रश्न आला की मुकादमाची नजर पहिल्यांदा नाल्यावर जाते. त्याच्या हिशेबात याहून स्वस्त रस्ता नाही.

पर्यावरणाच्या हिशेबात याहून महाग रस्ता नाही. नाल्यात उतरायला काठ फोडावा लागतो, पलीकडे चढायला पुन्हा फोडावा लागतो. जानेवारीत ती दोन उतरणी दिसतात, बाकी सगळं ठीकठाक वाटतं. जूनच्या पहिल्या दोन मोठ्या पावसांत चाकोऱ्यांमधून पाणी धावतं, फोडलेला काठ ढासळतो आणि माती खाली जाते. खाली म्हणजे कुठे? पूर्व विदर्भात बहुतेक वेळा एखाद्या मामा तलावात. माजी मालगुजारांच्या काळातले हे तलाव आजही धानाला पाणी देतात, आणि त्यांच्यात गाळ का साचतो यावर तालुक्याच्या गावी बैठका होतात. त्या बैठकांना कुपाचा मुकादम कधी बोलावलेला नसतो.

मागच्या लेखांकात आपण कार्य आयोजना, म्हणजे जंगलातल्या कामाचा आराखडा, पाहिली. साधारण दहा वर्षांसाठी आखलेली, केंद्राच्या मंजुरीची, जाडजूड. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशानंतर तर मंजूर कार्य आयोजनेवाचून जंगलात कटाई करता येत नाही. त्या कागदात नाल्याची काळजी आधीच घेतलेली आहे. महाराष्ट्रात निवड-नि-सुधारणा पद्धतीच्या कुपाचा जो उपचार नकाशा करतात, त्यात जमिनीचे चार प्रकार पाडलेले असतात. ‘अ’ म्हणजे राखायची जागा : पंचवीस अंशांहून उभा चढ, धूप झालेली जमीन आणि नदी-नाल्याच्या दोन्ही बाजूंचा वीस-वीस मीटरचा पट्टा. ‘ब’ म्हणजे विरळ झालेलं रान, जिथे लागवड करायची. ‘क’ म्हणजे कोवळ्या वयाची चांगली झाडी, जी पुढच्यासाठी ठेवायची. आणि ‘ड’ म्हणजे भरलेलं, तयार रान. खरी कटाई या शेवटच्या तुकड्यात.

नकाशा उत्तम आहे, फक्त तो वनपालाच्या पिशवीत असतो. कुपात सकाळी सातपासून उभा असतो तो मुकादम, आणि त्याने तो नकाशा पाहिलेला असेलच असं नाही. पाहिला तरी वीस मीटर म्हणजे नाल्याच्या मधोमध उभं राहून मोजायचे की काठावरून, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. काठावरून मोजायचे. पण ही एवढीशी गोष्ट ज्याला माहीत नाही त्याच्या हाती त्या पट्ट्याचं भवितव्य आहे.

आपल्याकडे वनरक्षकासाठी प्रशिक्षणाची जुनी सोय आहे. चिखलदरा, जालना, पाल, शहापूर इथल्या संस्था आहेत. वरच्या पदांसाठी चंद्रपूर आणि कुंडलच्या अकादमी आहेत. म्हणजे सरकारी गणवेश ज्याच्या अंगावर आहे तो काहीतरी शिकून येतो. ज्याच्या अंगावर नाही तो काम करता करता शिकतो, आणि ज्याच्या हाताखाली शिकतो त्याच्या खोडीही उचलतो. जंगलातलं प्रत्यक्ष काम बहुतांशी या दुसऱ्या माणसाकडूनच होतं.

उभ्या कुपाचा लिलाव घेऊन रान धुऊन काढणारा जुना ठेकेदार आता जवळजवळ इतिहासजमा झाला आहे. त्याच्या पिळवणुकीला उतारा म्हणूनच मुंबई सरकारचे तेव्हाचे प्रमुख बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने १९४७ मध्ये मुंबई प्रांतात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघाल्या. पुढे १९७४ मध्ये वनविकास महामंडळ आलं. पण मजूर आणणारा, गाड्या लावणारा, बांबू काढणारा, तेंदूपत्ता घेणारा ठेकेदार आहेच, आणि त्याचा दिवाणजी किंवा मुकादम हाच रानातला खरा साहेब आहे. पर्यावरण व्यवस्थापनाचं प्रशिक्षण द्यायचं तर ते या माणसाला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते सभागृहात नव्हे. पंख्याखाली बसवून जैवविविधतेवर पडदाभर चित्रं दाखवली की तो माणूस सभ्यपणे ऐकतो, जेवतो, सही करतो आणि घरी जातो.

मग शिकवायचं काय? एक सागवान घेऊ.

मार्किंग झालेल्या झाडावर दोन ठिकाणी खूण असते. एक छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, जिथे गोलाई मोजतात. दुसरी अगदी बुडाशी. बुडाशी हातोडा मारण्यात शहाणपण आहे : झाड गेलं तरी थुटावर खूण राहते, आणि नंतर फिरणाऱ्या अधिकाऱ्याला कळतं की हे मार्किंगचं होतं की मधल्या मध्ये गेलं. मजुराला मात्र बुडाशी वाकून कापण्यापेक्षा गुडघ्याच्या उंचीवर कापणं सोपं. थूट उंच राहिलं तर काय बिघडलं, असं त्याला वाटतं. बिघडतं ते असं : सागाच्या थुटाला फुटवे येतात, तेच पुढचं रान. थूट जमिनीपासून पंधरा सेंटिमीटरच्या आत असेल तर फुटवा मुळाशी बसतो आणि स्वतःची बैठक धरतो. उंच थुटावरचा फुटवा जुन्या लाकडाला चिकटून वाढतो आणि वादळात उन्मळतो. शिवाय थुटाचा माथा किंचित उतरता तासलेला हवा, म्हणजे पाणी साचून ते कुजत नाही. आणि साल सोललेली नको, कारण फुटवा सालीजवळूनच येतो. या तीन गोष्टी समजवायला प्रत्यक्ष थुटाशेजारी दहा मिनिटं पुरतात. त्याच कुपात तीन-चार वर्षांपूर्वीचं एक चांगलं आणि एक वाईट थूट शेजारी-शेजारी दाखवता आलं, तर बोलायचीही गरज नाही.

झाड पाडायची दिशा हा दुसरा धडा. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला आधी खाच घ्यायची, बुंध्याच्या जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. मागचा काप खाचेच्या तळाहून थोडा वर, आणि मध्ये लाकडाची एक पट्टी न कापता ठेवायची. झाड त्या पट्टीवर बिजागरीसारखं वळतं. पट्टी आरपार कापली की झाड मनाला येईल तिकडे जातं. मजुराच्या अंगावर, नाहीतर शेजारच्या बीज्याच्या कोवळ्या झाडावर. चेनसॉ आल्यापासून हा धोका वाढला आहे, कारण कुऱ्हाडीने विचार करायला वेळ मिळत असे. इथे सुरक्षितता आणि पर्यावरण वेगळी प्रकरणं राहत नाहीत. ज्याला झाड हवं तिथे पाडता येतं त्याचे मजूरही धड राहतात, शेजारची झाडंही, आणि लठ्ठा वाटेकडे तोंड करून पडल्यामुळे ओढणंही कमी लागतं.

ओढण्याचा मुद्दा मुकादमाला लगेच पटतो, कारण त्यात त्याची डिझेलची बचत आहे. म्हणून वाटांची आखणी कटाईआधी व्हायला हवी. ट्रॅक्टर पहिल्या काही फेऱ्यांतच माती दाबून टाकतो. नंतरच्या फेऱ्यांनी तितकंसं नवं नुकसान होत नाही. याचा अर्थ उलटा घ्यायचा : एकाच वाटेवरून पन्नास फेऱ्या परवडल्या, पण पन्नास वाटांवरून एकेक फेरी नको. काम संपल्यावर वाटेवर तिरपे आडबांध घालायचे, म्हणजे पाणी वाट सोडून बाजूच्या पालापाचोळ्यात शिरतं. चढ जितका उभा तितके बांध जवळजवळ. यंत्र लागत नाही. दोन माणसं, फावडं आणि कुपातलीच तोडलेली फांदोरी पुरते. नाला ओलांडायचाच असेल तर एकाच जागी, काटकोनात, खडकाळ तळावरून. दक्षिण गडचिरोलीत आलापल्ली-सिरोंचा भागात लाकूड ओढायला हत्ती असत, कमलापूरचा हत्तीकॅम्प त्यातलाच. हत्तीला वाट आखून द्यावी लागत नव्हती. ट्रॅक्टरला द्यावी लागते.

तेलाचं प्रकरण थोडक्यात सांगतो. चेनसॉच्या साखळीला घातलेलं तेल परत येत नाही, ते सगळं भुश्शात आणि मातीत जातं. आपल्याकडे तिथे सर्रास गाडीचं जळकं ऑइल घालतात. ऑस्ट्रियात साखळीसाठी खनिज तेलाला बंदी आहे. आपण निदान जळकं ऑइल बंद करू शकतो, आणि पेट्रोल भरायची जागा नाल्यापासून लांब ठरवू शकतो. त्यासाठी कायदा नको, एक नरसाळं आणि ताकीद पुरे.

आग मात्र थोडक्यात सांगण्यासारखी नाही. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरतात. याच काळात मोहफुलं पडतात आणि तेंदू येतो. मोहाखालचा पाला जाळला की फुलं वेचायला जमीन स्वच्छ मिळते. तेंदूला आग लागली की नवी पालवी कोवळी आणि भरघोस येते अशी समजूत आहे, आणि ती पूर्णपणे खोटी नाही. झुडूप बुडाशी छाटलं किंवा जळलं की ते नवे फुटवे टाकतंच. पण त्यासाठी आग लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये केलेली बेलकटाई, म्हणजे तेंदूच्या झुडपांची बुडाशी छाटणी, तेच काम करते. फरक एवढाच की बेलकटाईला मजुरी द्यावी लागते आणि काडीपेटी जवळजवळ फुकटात येते. ज्या दिवाणजीला प्रमाणित गोणीमागे पैसे सुटतात, म्हणजे सत्तर पानांच्या हजार पुड्यांमागे, त्याच्या हिशेबात बेलकटाई खर्चाच्या बाजूला आहे आणि जळालेली रोपं कुठल्याच बाजूला नाहीत.

इथे प्रशिक्षणाची मर्यादा येते. शिकवल्यावर मुकादमाला पंधरा सेंटिमीटरही कळतात, वीस मीटरही कळतात, आगीचं नुकसान तर तो आपल्याला शिकवेल; बहुतेकदा तो त्याच गावचा असतो. पण त्याला पैसे मिळतात जंगलातून बाहेर गेलेल्या मालावर. घनमीटरवर, जळाऊ लाकडाच्या बीटांवर (थप्प्यांवर), बांबूच्या नगावर, गोणीवर. जंगलात मागे काय राहिलं याचं माप त्याच्या बिलात नाही. बांबूचंच बघा. नियम सांगतो की चालू वर्षाचे आणि गेल्या वर्षीचे कोंब तोडू नका, काप जमिनीपासून पंधरा ते पंचेचाळीस सेंटिमीटरच्या दरम्यान घ्या, पावसाळ्यात बेटाला हात लावू नका. पण बेटाच्या आतला जुना, गुंतलेला बांबू काढायला वेळ लागतो आणि बाहेरच्या कडेचा कोवळा हाताशी असतो. नगावर मजुरी घेणारा कुठला तोडेल? त्याला नियम पाठ असला तरी.

अमेरिकेत १९९० च्या दशकात लाकूड आणि कागद उद्योगाने स्वतःची प्रमाणन योजना आणली. तिच्या मानकात गिरण्यांनी प्रशिक्षित तोडणीवाल्यांचा माल घ्यावा यावर भर आहे. तिथे राज्याराज्यांत तोडणी ठेकेदारांची प्रशिक्षणं फोफावली त्याचं मोठं कारण हे की गिरणीच्या फाटकावर प्रमाणपत्र विचारलं जाऊ लागलं. झाडांवरच्या प्रेमाला त्यात दुय्यम जागा. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९६ मध्ये वनकटाईची आदर्श आचारसंहिता छापली, तिच्यात वाटा, नाले, पाडकामाची दिशा सगळं आहे. पण कागदाला फाटक लागतं. भारतात डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने वन आणि लाकूड प्रमाणन योजना जाहीर केली; ती ऐच्छिक आहे. लाकूड आगारातला खरेदीदार उद्या प्रमाणपत्र मागू लागला, तर मुकादमांचे वर्ग आपोआप भरतील.

गडचिरोली-चंद्रपुरात दुसरं एक फाटक उभं राहिलं आहे. वनहक्क कायद्याखाली ग्रामसभांना सामूहिक हक्क मिळाले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला ते २००९ मध्ये मिळाले आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आलं. आता ठेकेदार खात्याकडे नाही, ग्रामसभेकडे येतो आणि करारातल्या अटी ग्रामसभा घालते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या तोडल्या जातात आणि आगी लागतात. कमाईसाठी त्यांनी बांबू धरला. हातचा पैसा सोडण्याचा असा निर्णय कुठल्याही प्रशिक्षण वर्गातून निघाला नसता. मागे राहिलेलं रान ज्याच्या हिशेबात जमेला धरलं जातं त्यालाच तो सुचतो.

तरी ग्रामसभेलाही मुकादम लागतोच, आणि तिच्या मुकादमालाही थूट किती उंच ठेवायचं हे कुणीतरी कुपात नेऊन दाखवावं लागतं. ठेकेदाराच्या अनामत रकमेचा काही भाग पावसाळ्यानंतरच्या पाहणीपर्यंत रोखून ठेवावा, अशी माझी सूचना आहे. आडबांध टिकले का, काठ ढासळला का, थुटांना फुटवे आले का, हे ऑक्टोबरात बघायचं आणि मगच पैसे सोडायचे. ठेकेदार कुरकुर करतील. इमारतीच्या कामात अनामत अशीच अडकते, तिथे ते निमूट सहन करतात.

पुढच्या लेखांकात : लाकूड आगारात पोचल्यावर त्याची प्रतवारी, थप्पी आणि लिलाव.