वाडीतील चैत्री हळदीकुंकू : फुले आणि सजावटीचे नियोजन

पूर्वी आपल्याकडे मानाच्या पाहुण्यांसाठी पानसुपारीचा समारंभ करीत. अत्तर, गुलाबपाणी, फुलांचा हार आणि गोविंदविडा एवढ्यावर संध्याकाळ साजरी होई. चैत्रात घरोघरी गौरीची आरास मांडून हळदीकुंकू होई आणि कैरीची डाळ व पन्हे दिले जाई. आज हाच जुना थाट पुन्हा लोकांना हवासा वाटू लागला आहे. बोईसर-तारापूरच्या कारखान्यांतील व वसाहतींतील कुटुंबे, तसेच केळव्याला येणारे मुंबईचे पाहुणे असा समारंभ हॉलऐवजी झाडाखाली करावयास उत्सुक असतात. पालघर, केळवे, माहीम या पट्ट्यातील बागायतदारांजवळ त्यासाठी लागणारे बहुतेक साहित्य वाडीतच आहे. मात्र फुले ऐनवेळी बाजारातून आणावी लागली, तर लग्नसराईच्या चढ्या भावात वाडीचे उत्पन्न फुलवाल्याकडे जाते. म्हणून नियोजन चार महिने आधी सुरू करावे.

दिवस आणि वेळ

चैत्रगौरीचे हळदीकुंकू चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत करतात. हाच काळ मोगऱ्याच्या बहराचा आहे. आपल्या जिल्ह्यातील जव्हार, विक्रमगड भागात मोगऱ्याची लागवड चांगली रुजली असून तेथील कळी दादरच्या फूलबाजारात जाते. मोगऱ्याची कळी संध्याकाळी उमलते व तेव्हाच तिचा सुवास सर्वात जास्त असतो. म्हणून समारंभ दुपारी न ठेवता सायंकाळी साडेपाचनंतर ठेवावा. ऊन उतरलेले असते, फुले कोमेजत नाहीत आणि दिवे लागण्याच्या वेळी मोगरा उमलू लागतो.

फुलांचे वेळापत्रक

समजा, समारंभ १८ एप्रिलला आहे. त्या दिवसापासून मागे मोजत यावे.

१) मोगरा : डिसेंबरमध्ये पाणी तोडून झुडपांना ताण द्यावा व जमिनीपासून ४५ ते ५० सें.मी. उंचीवर छाटणी करावी. छाटणीनंतर शेणखत व खते देऊन पाणी सुरू करावे. सर्व झुडपे एकाच दिवशी छाटू नयेत. निम्मी झुडपे पंधरा दिवसांनी छाटावीत, म्हणजे बहर पुढेमागे येतो व समारंभाच्या दिवशी कळी कमी पडण्याची भीती राहत नाही.

२) झेंडू : आफ्रिकन झेंडूचे बी ५ जानेवारीच्या सुमारास गादीवाफ्यावर पेरावे. २५ ते ३० दिवसांची रोपे फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ६० × ४५ सें.मी. अंतरावर लावावीत. पुढे साधारण ६० ते ६५ दिवसांत फुले सुरू होतात. पहिल्या तोड्याला फुले थोडी असतात; समारंभापर्यंत दुसरा-तिसरा तोडा मिळतो.

३) निशिगंध : फुलदाणीसाठी दांडे हवे असल्यास खालच्या दोन-तीन कळ्या उमलताच कापावेत.

४) सोनचाफा : फुले पहाटे, पूर्ण उमलण्यापूर्वी काढून पाण्यात ठेवावीत. काचेच्या बरणीत पाणी भरून त्यात चाफा ठेवण्याची जुनी रीत मेजावर फार शोभून दिसते.

किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा ठिकाणी जानेवारीतच पाण्याची तपासणी करून घ्यावी. पाणी खराब असल्यास झेंडूवर खर्च करू नये.

किती फुले लागतील?

अंदाजाने फुले आणल्यास ती एकतर कमी पडतात किंवा वाया जातात. त्यासाठी सोपा उपाय म्हणजे आधी एक गजरा गुंफावा व एक मीटर झेंडूची माळ ओवून दोन्हींचे वजन करावे. समजा, गजरा १५ ग्रॅम भरला आणि ६० सुवासिनी येणार आहेत, तर ९०० ग्रॅम कळी लागेल. दहा टक्के घट धरून १ किलो कळीची तयारी ठेवावी. माळ मीटरला ४०० ग्रॅम भरली आणि तोरणे २० मीटर असली, तर ८ किलो झेंडू व घट धरून सुमारे ९ किलो लागेल. आपल्या झुडपांवर एका दिवशी किती कळी निघते हे आठ दिवस आधी मोजावे. तूट दिसल्यास शेजारच्या बागायतदाराशी तेव्हाच बोलून ठेवावे.

काढणी आणि साठवण

मोगऱ्याच्या पूर्ण वाढलेल्या, पांढऱ्या पण न उमललेल्या कळ्या सकाळी आठच्या आत तोडाव्यात. बांबूच्या टोपलीत केळीचे पान अंथरून त्यात कळ्या ठेवाव्यात व वर ओले पातळ फडके झाकावे. कळ्यांवर पाणी ओतू नये, त्या काळ्या पडतात. गजरे केसांत माळायचे असल्याने फवारणीबाबत विशेष काळजी घ्यावी. कळी पोखरणाऱ्या अळीसाठी सुरुवातीपासून ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा आणि काढणीपूर्वीच्या आठवड्यात कोणतीही फवारणी करू नये. त्याआधी रासायनिक औषध मारलेच असल्यास लेबलवरील प्रतीक्षा काळ पाळावा.

सजावट

मांडवाला नारळाच्या झावळ्या, केळीचे खांब व आंब्याचे टाळे पुरेसे होतात. मांडवाची पाठ पश्चिमेला ठेवावी, म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या संध्याकाळच्या वाऱ्याने समया विझत नाहीत. वाळलेल्या झावळीखाली उघडी ज्योत ठेवू नये. समई व कंदील मांडवापासून दूर ठेवून पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर वारली चित्रे काढावयाची असल्यास ती गावातील वारली भगिनींकडूनच काढून घ्यावीत व त्यांना योग्य मोबदला द्यावा. घरातील तांब्या-पितळेची घंगाळे चिंचेने घासून त्यात पाणी व फुले ठेवावीत. विड्यासाठी केळवे-माहीमच्या पानवेलीचे पान आहेच.

थर्माकोलची सजावट व ताटवाट्या यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. त्याऐवजी पळसाच्या पत्रावळी व द्रोण वापरावेत.

झाडांची काळजी

चिकू-आंब्याच्या खोडात खिळे ठोकू नयेत व तारा आवळू नयेत. माळा सुतळीने सैल बांधाव्यात. झाडांच्या आळ्यात खुर्च्या मांडू नयेत आणि गाड्या वाडीबाहेर उभ्या कराव्यात. गाड्यांच्या वजनाने माती दबते व मुळांना इजा होते. एका संध्याकाळच्या भाड्यासाठी वीस वर्षांचे झाड दुखावणे परवडणारे नाही.

दुसऱ्या दिवशी दोरा व तारा काढून फुले, पाने, पत्रावळी खतखड्ड्यात टाकाव्यात. पाहुणे, फुले व खर्च यांची वहीत नोंद करावी. पुढील वर्षीचा दर ठरविताना ती उपयोगी पडते. लागवडीबाबत अधिक माहितीसाठी पालघर येथील कृषी संशोधन केंद्र किंवा कोसबाड येथील कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.