टीव्हीवरचा राक्षस येतो कुठून?

मुलं राक्षसांच्या मालिका बघायला लागली की आपण "बंद कर ते खोटंनाटं" म्हणून मोकळे होतो. त्यामागची घटना मात्र खरी असते.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. तिची किरणोत्सारी राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले, एक त्याच वर्षी दगावला. नोव्हेंबरात 'गोजिरा' म्हणजे आपला गॉडझिला पडद्यावर आला. त्याची सुरुवातच बोट नष्ट होण्यानं होते! त्यातली विध्वंसाची दृश्यं रचणाऱ्या एजी त्सुबुराया यांनीच १९६६ मध्ये टीव्हीवर 'अल्ट्रामॅन' आणला. हिरोशिमाला तेव्हा जेमतेम एकवीस वर्षं झाली होती.

आपल्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात. २१ मार्च २०२४ च्या सकाळी तर ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. पडद्यावर इमारती पडताना बघून इथलं लेकरू विचारणारच, "सर, आपल्याकडं बी असंच होईल का?" तेव्हा टीव्ही बंद करू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी सांगा. धक्का बसताना बाकाखाली डोकं झाकायचं, थांबला की मैदानात यायचं, हे दोनदा करूनही घ्या.