वय-परीक्षा आणि पिढीचा विचार

कोयनानगर परिसरातील वृद्ध रुग्णास वय विचारावे, तर पुष्कळदा उत्तर आकड्यात येत नाही. ‘भूकंपाच्या वक्ताला मी चौथीत हुतो,’ असे सांगितले जाते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेपासून येथील कालगणना सुरू होते. वैद्याने मनातल्या मनात वजाबाकी करावी व केसपेपरवर संख्या लिहावी, हा शिरस्ता. प्रस्तुत लेखकही अनेक वर्षे तेवढेच करीत असे. रुग्णाने दिलेली अर्धी माहिती त्यात वाया जाते, हे उशिरा ध्यानात आले.

दशविध परीक्षेत वयाचे स्थान वाचकांस सांगणे नको. मध्यम वयाची मर्यादा चरकाचार्यांनी साठ, तर सुश्रुताचार्यांनी सत्तर वर्षे मानली. ही शरीराची गणना होय. समाजशास्त्रज्ञ तिच्या जोडीस दुसरा प्रश्न विचारतात : अमुक घटना घडली तेव्हा ही व्यक्ती किती वर्षांची होती? कार्ल मानहाइम यांनी १९२८ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रतिपादिले की, केवळ एका काळात जन्मल्याने पिढी घडत नाही. सतराव्या वर्षाच्या आसपास, स्वतंत्र विचार सुरू होण्याच्या वयात, आलेल्या सामायिक अनुभवांनी ती घडते. त्या पहाटे आईच्या कडेवर बाहेर आलेला आणि ढिगारा उपसणारा, हे एका पिढीचे नव्हेत. एका पिढीतही भेद असतात. शिवाजीसागर जलाशयात ज्यांची गावे गेली ते, आणि धरणाच्या नोकरीसाठी येथे आलेले, समवयस्क असले तरी दोघांच्या लेखी धरणाचा अर्थ एक नाही.

आता आपल्या व्यवहाराकडे वळू. ज्येष्ठ रुग्ण काढा निमूट घेतात, तरुण गोळी मागतात. वय वाढले की माणूस काढ्याकडे वळतो, असे असेल तर आजचे तरुणही पन्नाशीत वळतील व औषधालयाच्या चालकांस चिंता नाही. परंतु घरी काढा उकळताना पाहिलेल्या पिढीचीच ही सवय असेल, तर तिच्याबरोबर भरडीची मागणीही संपेल. किंवा काळच घाईचा असून सर्व वयांत काढा मागे पडत असेल. आजच्या विक्रीवरून यातले काहीच ठरत नाही, कारण गिऱ्हाइकाचे वय व पिढी एकदमच समोर उभी असतात. म्हणून अभ्यासक एकाच वर्षी जन्मलेल्यांचा गट दीर्घकाळ पाहतात, अथवा निरनिराळ्या दशकांतील तिशीच्या माणसांची तुलना करतात. तरीही जन्मवर्ष अधिक वय म्हणजेच चालू वर्ष असल्याने वय, पिढी व काळ यांचे परिणाम निव्वळ गणिताने पूर्णतः विलग होत नाहीत, हे ते स्वतःच मान्य करतात.

तेव्हा जुने केसपेपर रद्दीत घालण्यापूर्वी वैद्यबंधूंनी थांबावे. १९८५ साली तीस वर्षांच्या रुग्णाने काढा घेतला की गोळी, हे तेथेच सापडेल. नव्या कागदावर वयाशेजारी जन्मवर्ष लिहावे, आणि ‘भूकंपाच्या वक्ताला चौथीत’ हे शब्दही तसेच टिपून ठेवावेत.