किरकोळ विक्रीची आकडेवारी

किरकोळ विक्रीची आकडेवारी म्हणजे दुकानांतून थेट ग्राहकास विकल्या गेलेल्या मालाच्या ठरावीक काळातील एकूण मूल्याची नोंद होय. कुटुंबांच्या उपभोग खर्चाचा कल लवकर कळावा म्हणून तिचा दर्शक म्हणून उपयोग केला जातो. भारताच्या स्थूल देशांतर्गत उत्पादनात खाजगी उपभोग खर्चाचा वाटा सुमारे ६० टक्के आहे.

भारतातील स्थिती

अमेरिकेचा जनगणना विभाग दुकाने व उपाहारगृहे यांच्या विक्रीचा अंदाज दरमहा प्रसिद्ध करतो. भारतात अशी शासकीय मासिक मालिका नाही. त्यामुळे वस्तू व सेवा कराचे संकलन, वाहन नोंदणी इत्यादींवरून अनुमान काढले जाते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२३-२४ च्या सर्वेक्षणानुसार देशातील दरडोई मासिक उपभोग खर्च ग्रामीण भागात ४,१२२ रुपये व शहरी भागात ६,९९६ रुपये होता. मात्र अशी सर्वेक्षणे दरमहा उपलब्ध होत नाहीत.

सातारा व सांगली जिल्हे

या जिल्ह्यांत वाहन नोंदणीचे आकडे सातारा (एमएच ११), कऱ्हाड (एमएच ५०) व सांगली (एमएच १०) यांसारख्या परिवहन कार्यालयांनुसार मिळतात. येथील खरेदी बऱ्याच अंशी उसाच्या बिलावर अवलंबून असते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार कारखान्याने ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत त्याची किंमत द्यावयाची असते. ती लांबल्यास खरेदीही लांबते. दिवाळी २०२३ मध्ये नोव्हेंबरात, तर २०२५ मध्ये ऑक्टोबरात आली. अशा वर्षांची तुलना करताना दोन्ही महिन्यांची बेरीज घेणे योग्य ठरते.

मर्यादा

विक्रीचे मूल्य केवळ भाववाढीमुळेही वाढते. म्हणून महागाईचा परिणाम वजा करावा लागतो. घरभाडे, शिक्षण व वैद्यकीय सेवा यांवरील खर्च या आकड्यांत येत नाही. वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असलेल्या मालविक्रेत्यास वस्तू व सेवा कराची नोंदणी सामान्यतः सक्तीची नाही. परिणामी आठवडी बाजारातील व गावातील छोट्या किराणा दुकानांतील बरीचशी विक्री करसंकलनात थेट दिसत नाही.

विक्रीतील वाढ म्हणजे समृद्धी असेही नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा आपत्तीनंतर भांडी, अंथरूण-पांघरूण वा शीतकपाट यांची होणारी खरेदी आकड्यांत वाढ म्हणून दिसते. प्रत्यक्षात ती झालेल्या हानीची भरपाई असते आणि तिच्यासाठी बचत मोडलेली किंवा कर्ज काढलेले असू शकते. म्हणून या आकडेवारीचा अर्थ उत्पन्न, बचत व कर्ज यांच्या माहितीसह लावावा लागतो.