फाइल माझी, पण मालक कोण?

आमच्या प्रयोगशाळेत घडलेली ही गोष्ट. प्रकल्प सादर करण्याचा शेवटचा दिवस होता. एका विद्यार्थिनीने घरच्या लिनक्स संगणकावर लिहिलेला प्रकल्प पेन ड्राइव्हवर आणला. फाइल उघडली, वाचताही आली. पण चूक दुरुस्त करून जतन करू लागताच संगणकाने परवानगी नाकारली! प्रयोगशाळेतला संगणकही लिनक्सचाच. मग असे का व्हावे?

पेन ड्राइव्ह म्हणजे जणू ग्रंथालय. कोणती फाइल कोठे आहे, केवढी आहे, याची नोंदवही त्यातच असते. ती ठेवण्याच्या पद्धतीला ‘फाइल सिस्टिम’ म्हणतात. लिनक्सवर सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे ईएक्सटी-४. तिच्यात फाइलच्या मालकाचीही नोंद होते. मात्र नावाने नव्हे, क्रमांकाने! बहुतेक लिनक्स संगणकांवर पहिल्या वापरकर्त्याला १००० आणि दुसऱ्याला १००१ हा क्रमांक मिळतो. घरी पहिले खाते भावाचे, म्हणून ही १००१. प्रयोगशाळेत मात्र १०००. हजेरीपटावरचा १४ क्रमांक शेजारच्या तुकडीत दुसऱ्याच कोणाचा असतो, तसेच हे.

मग कोणती पद्धत निवडावी? फॅट-३२ मध्ये मालकाची नोंदच नसते. परंतु फाइलच्या आकारासाठी तीत ३२ बिटांचीच जागा असते. एवढ्या जागेत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. म्हणून सुमारे ४ गिगाबाइटहून मोठी फाइल, ड्राइव्ह रिकामा असला तरी, बसत नाही. एक्सफॅटमध्येही मालकाची नोंद नाही. आकारासाठी मात्र ६४ बिट आहेत. २०१९ मधील ५.४ या आवृत्तीपासून लिनक्सच्या गाभ्यातच तिची सोय आहे. शाळेच्या कामाला हीच बरी. मालकी आणि परवानग्या जशाच्या तशा राखायच्या असतील, तर ईएक्सटी-४ घ्यावी.

एक पथ्य पाळा. ईएक्सटी-४ नोंदवहीतला बदल आधी रोजकीर्दीत टिपते. एक्सफॅटला अशी रोजकीर्द नाही. लिहिणे चालू असताना ड्राइव्ह उपसला, तर नोंदी बिघडू शकतात. म्हणून कोणत्याही पद्धतीत ड्राइव्ह आधी संगणकाला सांगून मगच काढावा. पद्धत बदलताना जुना मजकूर जातो, तेव्हा आधी त्याची प्रत ठेवा.

आणि ती विद्यार्थिनी? फाइल वाचता येत होती, म्हणून तिने तिची प्रत प्रयोगशाळेच्या संगणकावर घेतली. नव्या प्रतीचा मालक क्रमांक १०००, म्हणजे तीच! दुरुस्ती झाली आणि प्रकल्प वेळेत पोहोचला.